मागच्या हबची टिकटिक: वाजते तोवर ठीक, गप्प बसली की बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याचे एक जण, आठ गिअरची हायब्रिड घेऊन अकरा महिने झालेत, रोज महापेला ऑफिसला जातात आणि रविवारी पाम बीच रोडला चक्कर. पेडल थांबवलं की मागच्या चाकातून टर्रर्र आवाज यायचा, सोसायटीत लोक वळून बघायचे, घरचे म्हणाले काहीतरी तुटलंय बघ. एका दुकानात नेली, तिथल्या माणसाने मागचं चाक उघडून आत भरपूर ग्रीस भरलं, आवाज गायब, हे खूश. आता पंधरा दिवसांनी असं होतंय की सिग्नल सुटल्यावर जोर दिला की कधीतरी पेडल रिकामं जातं आणि मग धाडकन लागतं. विचारतायत की तो आवाज बिघाड होता का, ग्रीस भरणं बरोबर का, आणि हे रिकामं पेडल आपोआप बसेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आपोआप बसणार नाही, आणि ते काम होईपर्यंत सायकल चालवू नका, अगदी दूध आणायलासुद्धा नाही. बाकीचं सावकाश सांगतो कारण त्यात बरंच सांगण्यासारखं आहे.

मी ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला दुकान चालवतो, आधी वडिलांचं होतं, तेव्हा ताशी भाड्याच्या सायकली होत्या आणि मी शाळेतून आलो की बसून छर्रे मोजायचो. त्यामुळे मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमधला गोल भाग, मी काळ्या सायकलीपासून कार्बनच्या चाकापर्यंत सगळा उघडलाय, आणि आत तत्त्व एकच आहे. मागच्या गिअरची चक्रं ज्या भागावर बसतात आणि जो पेडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देतो ती फ्री, तिच्या आत एक दातेरी रिंग असते, करवतीसारखे एका बाजूला तिरके दात, आणि तिच्यावर टेकलेल्या पोलादाच्या छोट्या जिभा, करंगळीच्या नखाएवढ्या, कुठे दोन, कुठे तीन, महागात चार किंवा सहा. कॅटलॉगमध्ये त्याला पॉल म्हणतात, आमच्या लायनीत कुत्रे. प्रत्येक कुत्र्याला मागून एक बारीक तारेची स्प्रिंग ढकलत असते, कुठे सगळ्यांना मिळून एकच गोल तार असते. पेडल मारलं की कुत्रा दातात अडकतो आणि चाक ओढतो, पेडल थांबवलं की चाक पुढे पळत राहतं आणि कुत्रा एकेका दातावरून घसरून खाली पडतो, टिक, टिक, टिक. एवढाच तो आवाज. म्हणजे स्प्रिंग जिवंत आहे आणि कुत्रा प्रत्येक दाताला खाली बसतोय याची ती हजेरी आहे. कुत्रा भुंकतोय म्हणून कोणी त्याच्या तोंडात पोळी कोंबत नाही, पण तुमच्या दुकानदाराने नेमकं तेच केलंय.

आता आवाज कमी-जास्त का असतो. साधा हिशोब करून बघा. ७०० च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ३० किलोमीटरने उतारावर सोडली की चाक सेकंदाला जवळजवळ ४ फेरे मारतं. आत १८ दात असतील तर सेकंदाला ७२ टिका, कान त्या वेगळ्या मोजू शकत नाही पण टरटर म्हणून ऐकू येतात. ७२ दातांचा हब असेल तर तेच २८८ होतात आणि मग तो टरटरत नाही, झिंगतो, भुंगा अडकल्यासारखा. वरून स्प्रिंग कडक असेल, आत वंगण कमी असेल, हबचं अॅल्युमिनियमचं कवच पोकळ आणि मोठं असेल किंवा रिम खोल कार्बनची असेल तर ढोलकीसारखं सगळं घुमतं. म्हणून महागाची सायकल जास्त वाजते असं लोकांना वाटतं, आणि काही जण तर मुद्दाम वाजणारा हब मागायला येतात, रविवारी पाम बीचला ग्रुपमध्ये मागून आलं की समोरचा बाजूला होतो म्हणे. होतो खरा, पण घंटी त्याहून स्वस्त पडते.

दात जास्त असण्याचा खरा फायदा आवाजाचा नाही, पकडीचा आहे. १८ दातांच्या हबमध्ये कुत्रा अडकायच्या आधी जास्तीत जास्त २० अंश रिकामे जाऊ शकतात, ३६ मध्ये १०, ७२ मध्ये ५. तेही चाकाचे अंश. पेडलच्या चक्राला ३२ आणि मागच्या चक्राला १६ दात असतील तर पायाला त्याच्या निम्मेच जाणवतात. दगडधोंड्यात माउंटन बाइक चालवणाऱ्याला हा फरक कळतो, थांबत-थांबत चढायचं असतं त्याला. पामबीचवर सरळ पेडल मारत जाणाऱ्याला १८ सुद्धा पुरे. त्यामुळे तुमच्या मूळच्या टरटर आवाजात खराब असं काही नव्हतं, नवीन हब तसाच वाजतो.

बिनआवाजाचे हब नसतात असं नाही. स्प्रॅग क्लच म्हणून प्रकार असतो, त्यात दात नसतात, तिरक्या गुटक्या असतात ज्या एका दिशेला फिरताना मोकळ्या आणि दुसऱ्या दिशेला आवळतात, ओनिक्स कंपनीचे हब तसे असतात, एकदम गप्प, आणि वजनाला जड. शिमानोने २०१८ मध्ये माउंटन बाइकच्या एक्सटीआर या नव्या सेटबरोबर सायलेन्स नावाचा गप्प हब जाहीर केला होता आणि मग बाजूला ठेवून नेहमीचा वाजणारा दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सहज जमलं नाही ते कोपऱ्यावरच्या दुकानात डबाभर ग्रीस ओतून कसं जमेल.

ग्रीसचं नेमकं काय होतं ते बघा. कुत्र्याची स्प्रिंग अगदी नाजूक असते, बोटाने दाबली की दबते. तिच्याभोवती बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं की ती कुत्र्याला दातात ढकलायला जाते आणि चिखलात पाय अडकल्यासारखी हळू ढकलते. दात निघून गेला तरी कुत्रा अजून खाली बसतोय. कधी अर्धाच बसतो आणि दाताच्या टोकावर टेकतो, तुम्ही उभं राहून सगळं वजन टाकता, टोक सटकतं, पाय रिकामा खाली जातो आणि गुडघा नाहीतर छाती हँडलवर. दुसरं म्हणजे टोकाटोकावर अडकून अडकून दाताची धार आणि कुत्र्याची धार गोल होते, मग नंतर कितीही स्वच्छ केलं तरी पकड परत येत नाही, फ्रीची अख्खी बॉडीच बदलावी लागते. म्हणून म्हटलं दूध आणायलाही नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, ही माती मी स्वतः खाल्लीय. २००९ सालची गोष्ट, एका काकांनी रोजची कटकट लावली होती की आवाज बंद कर, मी तरुण, गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही एवढंच माहीत, ट्रकला लावतात ते जाड ग्रीस होतं दुकानात, त्याने फ्री ठासून भरली. दुपारी दुकानासमोर दोन चकरा मारून दिली, लोण्यासारखी चालली. काका डिसेंबरच्या पहाटे उपवनवरून येऊरच्या चढाला लागले. ठाण्यात थंडी ती काय असते, पण येऊरच्या झाडीत पहाटे साडेपाचला हात गारठतात एवढी असते, आणि दुपारी जे ग्रीस पातळ होतं ते तिथे मेणासारखं झालं. पहिल्या वळणाला उभे राहिले आणि फ्री सुटली. हनुवटीला तीन टाके. काका भले माणूस, भांडले नाहीत, सायकल ढकलत दुकानात आणून उभी केली आणि म्हणाले आवाज परत कर बाबा. तेव्हापासून माझ्याकडे फ्रीमध्ये बेअरिंगचं ग्रीस जात नाही.

मग तुमच्या सायकलीचं काय करायचं. आठ गिअर म्हणजे बहुतेक कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा सुटा जुडगा, आणि फ्रीहब, म्हणजे हबलाच जोडलेली फ्री, असणार, सात असते तर बघावं लागलं असतं कारण आपल्याकडे सात गिअरला आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील, ज्यात चक्रं आणि फ्री एकच तुकडा असतो, अजून खूप येतं. ओळखायची खूण सोपी आहे, लहान चक्राच्या बाजूने बघा, शेवटच्या चक्रावर वेगळी रिंग बसलेली असेल आणि तिच्यावर लॉकची खूण किंवा ४० एनएम असं कोरलेलं असेल तर कॅसेट. आणि मागे पेडल फिरवताना ती रिंग चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, चक्रं फिरली आणि मधला भाग जागच्या जागी राहिला तर फ्रीव्हील.

आधी दोन चाचण्या घरीच करा. सायकल उलटी करून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला जोरात फिरवा आणि सोडा. पेडल स्वतःहून चाकाबरोबर फिरायला लागली किंवा सायकल सरळ असताना वर असते ती चेन सैल पडून लोंबली तर फ्री जड आहे. दुसरी, चाक काढा, मांडीवर घ्या, एका हाताने रिम धरा आणि दुसऱ्याने कॅसेट उलटी हळूहळू फिरवा, कान जवळ न्या. प्रत्येक वेळी टिक असा कोरडा, नेमका आवाज यायला हवा. टिकच्या जागी फच किंवा काहीच नाही, मग कुत्रा चिकटलाय. मग तीच कॅसेट थोडी उलटी, एकदम पुढे, थोडी उलटी, एकदम पुढे असं वीस-पंचवीस वेळा झटके देऊन बघा. एकदाही सटकली तर झालं, पास नाही. तीनपैकी एकच कुत्रा चिकटला असेल तर आवाज पूर्ण जात नाही, नुसता बारीक होतो, आणि ज्या हबमध्ये कुत्रे आळीपाळीने पडतात तिथे त्याची लयही लंगडते, टिक टिक आणि मग रिकामी जागा. असा आवाज लोक चांगला समजतात, सायकल शांत झाली म्हणतात. राहिलेले दोन कुत्रे सगळं ओझं ओढतायत ते कोण बघणार.

शिमानोची फ्री बॉडी आतून उघडायची नसते, ती पूर्ण एक तुकडा म्हणूनच बदलतात, पण धुता येते. कॅसेट काढायची, एक्सल आणि छर्रे काढायचे, मग आतून १० नंबरच्या एलन कीने बोल्ट उघडला की बॉडी हातात येते. काही हबना १० ऐवजी मोठी की लागते, जोर मात्र सगळीकडे लागतो, छोटी की वापरू नका, बोल्ट गोल झाला की मग काम लेथवाल्याकडे. बॉडी डिझेलमध्ये बुडवून ठेवायची, पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, आता ते कुठे मिळतं. अर्ध्या तासाने बोटांनी फिरवत राहायचं, काळं पाणी निघेल, डिझेल बदलायचं, परत. तुमच्या बाबतीत तर ग्रीसचा लगदा निघेल, तीन-चार वेळा करावं लागेल. मग जुन्या पेपरवर उभी करून रात्रभर निथळू द्यायची, आणि सकाळी मागच्या फटीतून, रबराचं सील असतं ते हळूच टाचणीने उचलून, गिअर ऑइलचे चार-पाच थेंब. शिलाई मशीनचं तेल लोक घालतात, चालतं, पण ते पाण्यासारखं असतं, एका पावसात धुऊन जातं. पिचकारीने डब्ल्यूडी-४० मारू नका, ते धुण्यासाठी आहे, आत राहिलेलं चांगलं वंगणही घेऊन जातं आणि मग आठवड्याने तुम्ही विचाराल की आवाज पत्र्यासारखा का येतोय. धुतल्यावर टरटर परत येईल, तेलामुळे आधीपेक्षा थोडी मऊ येईल. ती मऊ टरटर म्हणजे जेवढी शांतता तुम्हाला हक्काने मिळू शकते तेवढी.

सात गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील असेल त्यांच्यासाठी एक ओळ, ते रिमूव्हरने पूर्ण काढून तसंच डिझेलमध्ये बुडवा, उघडायच्या फंदात पडू नका. समोर दोन भोकांची जी तबकडी असते तिचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने उघडते, आणि एकदा उघडली की आतून एक अष्टमांश इंचाचे कितीतरी छर्रे फरशीवर सांडतात. लहानपणी भाड्याच्या सायकलींचे हे छर्रे पलंगाखालून गोळा करण्यात माझे किती रविवार गेले असतील.

आता मुद्दा असा की मागून येणारा प्रत्येक आवाज फ्रीचा नसतो, आणि लोक इथेच फसतात. मी आधी एवढंच विचारतो, आवाज कधी येतो. पेडल थांबवल्यावरच येत असेल तर फ्रीचा. पेडल मारताना आणि थांबवल्यावर दोन्ही वेळा खरखर असेल, जात्यासारखी, तर हबचे मुख्य बेअरिंग. आणि फक्त जोर दिल्यावर, चढावर उभं राहिल्यावर टक टक किंवा करकर, तर बहुतेक वेळा हबचा काही संबंध नसतो. कॅसेटची रिंग सैल असते, आरे एकमेकांना जिथे घासतात तिथे कोरडे पडलेले असतात, एक्सल फ्रेमच्या खाचेत जिथे बसतो तिथे माती असते, गिअर हँगरचा, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतो तिचा, स्क्रू ढिला असतो, नाहीतर मग पुढचा बीबी, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग. आऱ्यांच्या प्रत्येक छेदावर तेलाचा एक एक थेंब लावून मी कितीतरी लोकांचे महागाचे हब वाचवलेत, लोकांना पटत नाही पण.

मोजायची एक सवय लावा. पुढे ३२ मागे १६ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोन फेरे मारतं. आवाज पेडलच्या फेऱ्याला एकदा येत असेल तर तो पुढचा आहे, बीबी, क्रँक, पेडल. दोनदा येत असेल तर चाकाचा, मग व्हॉल्वचा सैल नट, रिफ्लेक्टर, डिस्कची घासणारी बाजू, किंवा ती कॅसेटमागची प्लास्टिकची पारदर्शक तबकडी, उन्हाने तडकली की खर्र करत आऱ्यांना घासते. आणि कशालाच जुळत नसेल, कधी लवकर कधी उशिरा, तर मला छर्र्यांचा संशय येतो, कारण छर्रे चाकाच्या वेगाने फिरत नाहीत, साधारण निम्म्याच्या आसपास फिरतात, मग फुटलेला छर्रा आणि खड्डा यांची गाठ फेऱ्यागणिक वेगळ्या जागी पडते.

एक गोम आणखी, जी बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसते. शिमानोच्या पद्धतीत फ्री बॉडीच्या आतले छोटे छर्रे फक्त पेडल थांबवल्यावर फिरतात, पेडल मारताना सगळं एकजीव होऊन चाकाबरोबर जातं. पण ज्या हबमध्ये फ्री बॉडीत कार्ट्रिज बेअरिंग, म्हणजे छर्रे आतच बंद असलेलं तयार बेअरिंग, असतं आणि ती सरळ एक्सलवर बसते, तिथे उलटं असतं, पेडल मारताना ते बेअरिंग फिरतं आणि थांबवलं की बॉडी स्थिर, एक्सल स्थिर, बेअरिंग शांत. म्हणजे पेडल मारताना गुरगुर आणि थांबवलं की बंद, यावर लोक डोळे मिटून बीबी बदलतात आणि गुरगुर तशीच राहते. मीही एकदा बदललाय, पैसे परत केले.

बेअरिंगचं बघू, कारण अकरा महिन्यांत तुमच्या सायकलीने एक पूर्ण पावसाळा खाल्लाय आणि त्या दुकानदाराने फ्री भरली तरी बेअरिंग बघितलं असेल असं मला वाटत नाही. छर्रे-कोनच्या हबमध्ये, म्हणजे जिथे सुटे छर्रे हबची वाटी आणि एक्सलवरचा कोन यांच्यामध्ये चालतात, मागे प्रत्येक बाजूला ९ छर्रे, पाव इंचाचे, पुढच्या चाकात बहुतेक १० आणि ते लहान, तीन षोडशांश. कोनला १५ चा पातळ पाना, त्याला बाहेरून अडवणाऱ्या चेक नटला १७ चा. पातळच हवा, घरातला जाड पाना बसत नाही, बसवायला गेलात तर कोनची कड जाते. डाव्या बाजूने उघडा, उजवी बाजू एक्सलवर तशीच राहू द्या म्हणजे परत बसवताना माप चुकत नाही. खाली ताट ठेवा, स्टीलचं नको, किनार असलेलं प्लास्टिकचं, नाहीतर छर्रे टणाटण उड्या मारतात.

कोन पुसून उजेडात फिरवा. छर्रे जिथे चालतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसतो, तो चांगला. त्या पट्ट्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर कोन गेला. डोळ्यांना दिसत नसेल तर बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून गोल फिरवा, खड्डा असेल तर टोक अडखळतं, हाताला लगेच कळतं. कोन बदलता येतो, पण हबच्या आतली वाटी बहुतेक हबमध्ये बदलता येत नाही, म्हणून वाटीत खड्डा पडायच्या आधी उघडणं महत्त्वाचं. छर्रे जुने परत घालू नका, कितीही चकचकीत दिसले तरी, आणि नवे घालताना दोन्ही बाजूंचे सगळे एकाच पाकिटातले घाला, चार जुने पाच नवे असं केलं तर सगळं ओझं मोठ्या छर्र्यावर जातं. इथे मात्र ग्रीस भरपूर लावायचं, दोन नंबरचं (डब्यावर घट्टपणाचा नंबर २ असतो ते), पाण्यात टिकणारं, वाटी भरून. बघा, एकाच हबमध्ये एका जागी ग्रीस पोटभर आणि चार बोटं बाजूला अगदी थेंबभर तेल, हाच सगळा घोळ आहे.

सेटिंगला वेळ द्या. क्विक रिलीजची, म्हणजे लिव्हरने आवळायची, चाकं असतील तर चाक हातात असताना कोनमध्ये अगदी केसाएवढा खेळ ठेवायचा, कारण क्विक रिलीज आवळला की पोकळ एक्सल थोडा दाबला जातो आणि तो खेळ जातो. हातातच खेळ शून्य केलात तर सायकलीला लावल्यावर बेअरिंग आवळलेलं राहतं, चाक फिरतं पण छर्रे भाजून निघतात. लावून, आवळून, मग रिमला ब्रेकजवळ धरून डावी-उजवीकडे हलवून बघायचं, टक लागला तर थोडं आवळ, अजिबात लागला नाही तर मुद्दाम एकदा थोडं ढिलं करून खेळ येतो का बघ, आणि परत मागे ये. पहिल्यांदा तुम्हाला पाच-सहा वेळा काढ-घाल करावी लागेल, मला अजूनही दोनदा लागते.

कार्ट्रिज बेअरिंग असेल तर सेटिंग नाही, काढायचं आणि नवं दाबायचं. कडेला नंबर कोरलेला असतो, ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर, ६००१ म्हणजे १२, २८, ८. तो नंबर आणि पुढे दोन रबर सीलची खूण २आरएस, एवढं घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात की हवं तेवढं मिळतं, सायकलीचं म्हणून वेगळं काही नसतं. बसवताना हातोडी नको, आणि कशानेही दाबलंत तरी जोर बाहेरच्या कड्यावर, आतल्या कड्यावर ठोकलंत तर छर्रे पहिल्याच दिवशी वाटीत खुणा पाडतात आणि नवं बेअरिंग खरखरतं. मग दोष बेअरिंगवाल्याला. डीटी स्विसचे स्टार रॅचेटवाले हब असतील तर ते फार सुखाचे, कॅसेट धरून जोरात ओढली की फ्री बॉडी हातात, आत कुत्रे नाहीतच, समोरासमोर दोन दातेरी चकत्या असतात, पुसा, त्यांचं ठरलेलं ग्रीस अगदी पातळ थर लावा आणि परत ढकला. तिथेही जास्त ग्रीस लावून सटकणारे आहेतच.

नवी मुंबईत आणि ठाण्यात हबचा खरा शत्रू पाणी आहे. पाम बीचला एका बाजूला खाडी आणि तिवरं, वाशीच्या पुलावर खारा वारा, घोडबंदरला पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना हब अर्धा बुडतो. गरम झालेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते, बाहेरून काही दिसत नाही. त्यात घरी येऊन लोक बाइक धुण्याच्या सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने सायकल धुतात, स्वस्तात काम होतं म्हणून. तो फवारा सरळ हबच्या सीलवर मारला की जे पावसाने सोडलं ते तो पूर्ण करतो. बादली, मग्गा आणि जुना टूथब्रश, एवढ्यानेच धुवा.

पावसाळ्यात रोज चालवणाऱ्यांनी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हब उघडून घ्या, माळ घालायच्या आधी. माझ्याकडे त्या आठवड्यात रांग असते आणि उघडल्यावर निम्म्या हबमधून ग्रीसऐवजी चहाच्या रंगाचं पाणी येतं. नुसतं कोरड्यात चालवत असाल तर वर्ष-दीड वर्षाने उघडलं तरी भागतं.

तुमच्या बाबतीत दुकानात जाताना नुसतं आवाजाचं बघा असं सांगू नका, परत डबा उघडेल. सांगा, फ्री बॉडी काढून डिझेलने धुवायची, आत गिअर ऑइलचे थेंब, बेअरिंग उघडून छर्रे नवे, दोन नंबरचं ग्रीस. जुने छर्रे आणि कोन परत हातात मागा, कोनवर पेन फिरवून बघा. परत घेताना तिथेच उभं राहून कॅसेटला वीस-पंचवीस झटके द्या, मग पुढचा ब्रेक दाबून धरून उभ्याने पेडलवर वजन टाका, आलटून-पालटून दोन्ही पायांनी, चार-पाच वेळा. पकडलं तर पैसे द्या. एवढं करूनही एखाद्या वेळी सटकलं तर धार गेलेली आहे, बॉडी नवीन घाला, त्या हबच्या नंबरची, नंबर हबच्या कवचावर छापलेला असतो, मळाखाली. बॉडीचे पैसे वाचवायला पुन्हा धुऊन बघू नका.